एक वर्ग, दोन बाई, दहा क्रेडिट्स: नदीवरच्या जोडवर्गाच्या नोंदी

चिपळूणच्या कॉलेजात शिकवणारी एक मैत्रीण बरेच दिवस मागे लागली होती. नव्या शैक्षणिक धोरणात आंतरविद्याशाखीय काहीतरी करा म्हणतात, तुम्ही तिकडे नेमकं काय करता ते लिहून पाठव. संख्याशास्त्र आणि इंग्रजी एकाच वर्गात शिकवून पाहिलं, त्याच्या तिच्यासाठी वहीत ठेवलेल्या या नोंदी आहेत, फक्त साफ करून लिहिल्यात. पानाला पान लावण्याच्या नादात चुका गाळलेल्या नाहीत.

मी सिअ‍ॅटलच्या परिसरातल्या, म्हणजे अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातल्या, एका कम्युनिटी कॉलेजात संख्याशास्त्र शिकवते. कम्युनिटी कॉलेज म्हणजे दोन वर्षांचं सरकारी कॉलेज. कट-ऑफ नाही, येईल त्याला प्रवेश. इथे ९० क्रेडिट्स करायची आणि विद्यापीठात थेट तिसऱ्या वर्षाला जायचं, असा बहुतेकांचा बेत. एकाच बाकावर अकरावी-बारावीतून कॉलेजचे विषय घ्यायला आलेली सतरा वर्षांची पोरगी आणि विमानतळावरची रात्रपाळी करून आलेला पन्नाशीचा गृहस्थ, असा वर्ग असतो. तीन-तीन महिन्यांच्या क्वार्टरमध्ये काम चालतं, म्हणजे शिकवायला जेमतेम अकरा आठवडे.

१४ ऑक्टोबर २०२२

झेरॉक्स मशीनपाशी इंग्रजी निबंधलेखन शिकवणारी सहकारी भेटली. तिचं रडगाणं: पोरं ‘अभ्यासातून सिद्ध झालंय’ असं लिहितात, कुठला अभ्यास ते सांगत नाहीत. माझं रडगाणं: पोरं सरासरी बरोबर काढतात, पण तिचा अर्थ एका वाक्यात लिही म्हटलं की पेन खाली. कॉफी संपेपर्यंत ठरलं की दोन्ही वर्ग एकत्र घ्यायचे, एकच मुलं, एकच खोली.

या राज्यात हे नवं नाही. ऑलिंपियातलं एव्हरग्रीन कॉलेज १९७१ साली सुरू झालं तेच एकत्र शिकवण्याच्या पायावर, आणि १९८५ पासून तिथलं वॉशिंग्टन सेंटर कम्युनिटी कॉलेजांमध्ये हे रुजवण्याचं काम करत आलंय. आमच्याकडेही कधीकाळी असे वर्ग होते म्हणे. बंद का पडले हे विचारलं की सगळे बजेट म्हणतात आणि विषय बदलतात.

२१ ऑक्टोबर

पहिली शहाणपणाची गोष्ट, तीही दुसऱ्याच्या सांगण्यावरून केलेली: नवा अभ्यासक्रम तयार करायचा नाही. नवा म्हटला की समितीपुढे जा, विद्यापीठं तो मान्य करतील का ते बघा, त्यात वर्ष जातं. आम्ही आधीपासून मंजूर असलेले दोन विषय घेतले, प्रत्येकी पाच क्रेडिट्सचे, आणि नोंदणीत त्यांची गाठ मारली. एक घेतला की दुसरा घ्यावाच लागतो. प्रगतिपुस्तकावर दोन वेगळी नावं, दोन वेगळे ग्रेड. बाहेरच्या जगाला काही वेगळं दिसतच नाही.

९ नोव्हेंबर

डीनच्या केबिनमध्ये पाऊण तास. सगळं भांडण तासिकांचं. मैत्रिणीचा पहिला प्रश्नही हाच होता: एका तासाला दोन प्राध्यापक, मग वर्कलोड कोणाचा? हिशेब असा. एका वर्गात जास्तीत जास्त २८ मुलं. दोन वेगळे वर्ग घेतले असते तर २८ मुलं माझ्याकडे आणि २८ तिच्याकडे. जोडवर्गात तीच २८ मुलं दोन्ही विषयांची फी भरतात, म्हणून कॉलेज आम्हा दोघींना पाच-पाच क्रेडिट्सचा पगार देतं आणि त्याला तोटा शून्य. पण वर्ग आठवड्याला दहा तासांचा, आणि दोघींनी पूर्ण वेळ हजर राहायचं ठरवलेलं. म्हणजे पगार पाच तासांचा, उभं राहणं दहा तासांचं. दोघींना दहा-दहाचा पगार हवा तर ५६ मुलं आणा, असं उत्तर मिळालं. ५६ मुलांना निबंध शिकवणं म्हणजे सभा घेणं.

मी कायम नोकरीत आहे, मला परवडतं. सहकारी आपल्याकडच्या भाषेत सीएचबीवरची, तासिका तत्त्वावरची. तिला बैठकांचे पैसे मिळत नाहीत. शेवटी एका छोट्या निधीतून तिला तयारीचे वीस तास मंजूर झाले. लागले किती ते पुढे लिहिलंय.

२१ फेब्रुवारी २०२३

नोंदणी उघडून आठवडा झाला, मुलं सहा. किमान वीस नसतील तर वर्ग रद्द.

२४ फेब्रुवारी

मुलांना विषय निवडायला मदत करणाऱ्या सल्लागारांच्या खोलीत जाऊन बसले, तेव्हा कळलं. हे मी नोव्हेंबरातच करायला हवं होतं. दोन कारणं निघाली. एक, नोंदणीची प्रणाली गणिताची पूर्वअट तपासते आणि ज्याची नोंद अडकली त्याला इंग्रजीतही घेत नाही, कारण गाठ मारलेली. मुलाला पडद्यावर दिसतं ते इंग्रजीला नकार मिळाल्याचं. तो निघून जातो.

दुसरं कारण आम्हाला दोघींना सुचलंसुद्धा नव्हतं. गरजू मुलांना मिळणारं सरकारी पेल अनुदान पूर्ण मिळायला क्वार्टरला किमान १२ क्रेडिट्स लागतात. एफ-१ व्हिसावर, म्हणजे परदेशातून शिकायला आलेल्या मुलांनाही १२. आमचा वर्ग दहाचा! म्हणजे मुलाने उरलेल्या दोन क्रेडिट्ससाठी आणखी एक विषय घ्यायचा, आणि आम्ही सकाळी दहा ते बारा अशी नेमकी मधली वेळ अडवून बसलेलो. आमच्यामुळे दोन बाजूंचे दोन विषय हुकत होते.

उपाय म्हणून वेळ अर्धा तास अलीकडे घेतली, आणि सल्लागारांना अर्ध्या पानाची चिठ्ठी दिली: या वर्गासोबत वेळेत बसणारे कुठले विषय आहेत, त्यांचे क्रमांक. वर्गाचं सुंदर माहितीपत्रक केलं होतं, नदीच्या फोटोसकट, रंगीत. ते कोणी वाचलं नाही. चिठ्ठी चालली. १७ मार्चला मुलं २३.

३ एप्रिल, पहिला दिवस

वाईट. सोमवारी तास अर्धा-अर्धा वाटून घेतला. आधी मी चलांचे प्रकार सांगितले, मग तिने परिच्छेदाची बांधणी. मी बोलत असताना ती मागच्या बाकावर कागद तपासत होती, ती बोलताना मी हजेरी लावत होते. बाहेर पडताना एक मुलगा दुसऱ्याला म्हणाला, हे दोन क्लासच आहेत, फक्त मध्ये सुट्टी नाही. बरोबर होतं त्याचं.

५ एप्रिल

नियम केला: दुसरी बोलत असताना पहिलीने मुलांमध्ये बसायचं आणि तेच काम करायचं. आज मी मुलांबरोबर परिच्छेद लिहिला. माझं पहिलं वाक्य तिने फळ्यावर घेतलं आणि सगळ्यांसमोर मोडलं. पोरांना अपार आनंद. दोन दिवसांनी, शुक्रवारी, तिने प्रमाणित विचलन हाताने काढलं, वर्गमूळ घ्यायला विसरली, आणि मागच्या बाकावरच्या गृहस्थांनी तिची चूक दाखवली. त्या दिवसापासून ते हात वर करायला लागले.

११ एप्रिल

पहिला जोडप्रकल्प फसला. विषय डुवामिश नदीचा. सिअ‍ॅटलच्या दक्षिण भागातून वाहणारी ही नदी शेवटच्या साधारण पाच मैलांत कारखान्यांच्या मधून जाते, आणि तो पट्टा २००१ पासून केंद्र सरकारच्या सुपरफंड यादीत, म्हणजे साफ करायच्या अतिप्रदूषित जागांच्या यादीत आहे. पीसीबी, आर्सेनिक, डायॉक्सिन असलं विष गाळात बसलंय. आम्ही सांगितलं, नदीवर निबंध लिहा आणि त्यात एक आलेख घाला. तेवीस निबंध आले, वीसांत आलेख शेवटच्या पानावर, निबंधाशी त्याचा संबंध नाही. पानात लोणचं वाढावं तसा. चूक मुलांची नाही. आम्हीच दोन मागण्या एका कागदावर लिहिल्या होत्या.

१७ एप्रिल

नवा प्रकल्प: एकच आकडा द्यायचा आणि त्याचा माग काढायला लावायचा. आकडा ६.५.

नदीत किती विष चालेल हे ठरवताना माणूस किती मासे खातो हे धरावं लागतं. वॉशिंग्टन राज्यात कित्येक वर्षं धरलेला आकडा होता दिवसाला ६.५ ग्रॅम. महिन्याचे झाले १९५ ग्रॅम, म्हणजे काटे काढून तीनेक बांगडे. आमच्या घरी एका रविवारच्या दुपारी संपतात. इथले मूळ रहिवासी आणि आशियाई, प्रशांत बेटांवरची कुटुंबं कितीतरी जास्त मासे खातात. वर्षानुवर्षांच्या भांडणानंतर २०१६ मध्ये जे मानक आलं त्यात आकडा १७५ ग्रॅम होता. जवळजवळ सत्तावीस पट. नदी तीच, मासे तेच.

सरासरी कोणाची, हा प्रश्न संख्याशास्त्राचा आहे की इंग्रजीचा, हे मुलांना सांगता येईना. आम्हालाही येईना. चला, वर्ग सुरू झाला.

१९ एप्रिल

तपासणीची परीक्षा. सहा निबंध नावं झाकून दोघींनी वेगवेगळे तपासले. इथे ग्रेड ४.० पर्यंत असतो. तीन निबंधांत आमच्यात एक गुणापेक्षा जास्त फरक. एकाला मी २.० दिलेले, तिने ३.६. मुलीने फार सुरेख लिहिलं होतं, पण ‘सरासरी माणूस ६.५ ग्रॅम खातो म्हणजे निम्मे लोक त्याहून कमी खातात’ असं ठोकून दिलेलं. सरासरी आणि मध्यक (आकडे क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा) यांची सरळ सरमिसळ. सहकारी म्हणाली, पण वाक्य किती स्पष्ट आहे बघ ना! स्पष्ट आहे म्हणून तर चूक दिसली, मी म्हटलं. थोडं वाजलं आमचं.

आधी वाटलं दोन गुणांची सरासरी काढू. नको, हे तर आपणच शिकवतोय की असं करू नका. शेवटी तीन रकाने केले. लेखन तिचं, आकडेमोड माझी, आणि तिसऱ्यात वाक्य आणि आकडा एकमेकांना धरून आहेत का हे दोघींनी शेजारी बसून बघायचं. पहिल्या दिवशी एका निबंधाला चाळीस मिनिटं लागली. क्वार्टरच्या शेवटी बारा.

२८ एप्रिल, नदीवर

ही चूक निव्वळ माझी. मुलांना ओहोटीचा गाळ दाखवायचा होता, कारण विष पाण्यात कमी आणि गाळात जास्त. तळाशी राहणारे चपटे मासे आणि खेकडे खाऊ नका, सॅमन मासा चालेल, कारण तो समुद्रातून येतो आणि इथून फक्त जातो, हे गाळ बघितल्याशिवाय डोक्यात शिरत नाही.

मी दाभोळची. आजोबांचा हिशेब तोंडपाठ: तिथीला पाऊणने गुणा, भरतीची वेळ येते. २८ तारखेला वैशाख शुद्ध अष्टमी. आठ गुणिले पाऊण, सहा. सकाळी सहाला भरती, बाराला ओहोटी. भांगाचे दिवस, ओहोटी फार खोल जाणार नाही, पण गाळ दिसेल. सहकारी म्हणाली वेळापत्रक बघू का. मी म्हटलं, अगं, खाडीकाठी वाढलेय मी.

साउथ पार्कच्या पुलाजवळ उतरलो तर पाणी काठाला टेकलेलं. गाळाचा ठिपका नाही. बदकं पोहतायत. तेवीस मुलं आणि भाड्याची बस.

प्रत्येक बंदराचा चंद्राशी वेगळा हिशेब असतो. चंद्र डोक्यावर आल्यापासून भरती यायला कोकणात जितका वेळ लागतो, तितकाच इथल्या प्युजेट साउंड या समुद्राच्या फाट्याच्या आत लागत नाही. आजोबांचं सूत्र कोकणच्या किनाऱ्यावरून काढलेलं, ते मी दुसऱ्या महासागराला लावलं. तिथेच काठावर उभं राहून मुलांना हे कबूल केलं. ज्या मुलीला मी २.० दिले होते ती म्हणाली, म्हणजे तुम्हीपण ६.५ केलंत. पुढे महिनाभर वर्गात कोणी बाहेरचा आकडा न तपासता उचलला की ‘आजोबांची भरती’ म्हणायचे. मराठीत. उच्चार भयानक.

जाणं अगदीच वाया गेलं नाही. काठावर मासे न खाण्याची पाटी होती, इंग्रजी, स्पॅनिश, व्हिएतनामी आणि आणखी काही भाषांत. सहकारीने मुलांना तिथेच बसवून विचारलं, ज्याला वाचता येतं त्यांनी सांगा, सगळ्या भाषांत एकच सांगितलंय का? वीस मिनिटं वाद. हा तिचा दिवस होता.

३ मे

प्रत्येकाने आपल्या घरात गेल्या आठवड्यात कोणी किती मासे खाल्ले ते विचारून आणलं. ३८ माणसांच्या नोंदी झाल्या. दिवसाला सरासरी ४७ ग्रॅम, मध्यक २१. एक नोंद ३१० ची.

मी ती पडद्यावर दाखवली आणि विचारलं, हिचं काय करायचं? दोन-तीन जण लगेच म्हणाले, चूक असणार, काढून टाका. काढून दाखवली. सरासरी ४० वर आली. तेवढ्यात चाळिशीच्या एक बाई, घरी व्हिएतनामी बोलणाऱ्या, बसल्या जागेवरून म्हणाल्या: “माझी आई आहे ती. काढू नका.”

मी नोंद परत घातली. कोणी काही बोललं नाही, आणि मीही बोलले नाही. सहकारीने फक्त इतकं सांगितलं की आता पाच मिनिटं प्रत्येकाने लिहा. त्या पाच मिनिटांत आलेलं लिखाण क्वार्टरमधलं सगळ्यात चांगलं होतं.

४ मे

हे कालच्या नोंदीला लागूनच वाचा. त्या बाई तासानंतर थांबल्या. म्हणाल्या, आईला मी सांगितलं होतं की नाव येणार नाही. आणि मीच सगळ्यांसमोर बोलून बसले. चूक त्यांची नव्हती. ३८ माणसांत ३१० ची नोंद पडद्यावर मोठी करून दाखवली की नाव न लिहिताही नाव कळतं. हे मी वीस वर्षं शिकवते आणि स्वतः विसरले. पुढच्या खेपेला नोंदी दुसऱ्या वर्गाच्या नोंदींत मिसळून घ्यायच्या, आणि कडेच्या नोंदींवर बोलायचं तर जुन्या, आपल्या नसलेल्या माहितीवर. मैत्रिणीला हे आधी फोनवर सांगितलं. वाशिष्ठीच्या खाडीतल्या मासेमारीवर असाच वर्ग घ्यायचं तिच्या मनात आहे, तिथे तर सगळे एकमेकांना ओळखतात.

१९ मे

दुसरी फेरी, यावेळी छापील वेळापत्रक बघून. आज अमावास्या, पंधरावी तिथी. आजोबांच्या हिशेबाने सव्वाअकराला उधाणाची भरती हवी. इथे दुपारी पाणी पार आत गेलेलं, गाळ लांबच लांब, कुजक्या अंड्यासारखा वास. बसचे पैसे संपलेले, म्हणून ज्याने त्याने सिटी बसने यायचं. तेवीसपैकी चौदा आले. कामावर जाणाऱ्यांना जमलं नाही. पहिल्याच खेपेला बरोबर दिवस निवडला असता तर सगळ्यांनी पाहिलं असतं.

३० मे

एक मुलगा इंग्रजीत उत्तम, गणितात नापास होण्याच्या बेतात. विचारायला आला की मी दोन्हीत नापास होणार का? आमच्याच माहितीपत्रकात लिहिलेलं, ‘दोन्ही विषय एकत्र पूर्ण करावे लागतील’. आमचा अर्थ एकत्र घ्यावे लागतील असा. त्याने वाचलं ते एकत्र पास व्हावे लागतील. इंग्रजी शिकवणाऱ्या बाईंच्या हातचं वाक्य बरं का! दुरुस्त केलं, वर्गात सगळ्यांना सांगितलं. आणखी दोघांचे चेहरे सैल झाले. आठ आठवडे ते घोर लावून बसले होते.

१५ जून

ग्रेड भरले. २३ पैकी २० जणांनी दोन्ही विषय पार केले, एकाने फक्त इंग्रजी (तोच तो), दोघे मध्येच सोडून गेले. वर्ग छोटा आणि स्वतःहून आलेल्यांचा, यावरून काही सिद्ध करायला मी जाणार नाही.

खर्च: पुस्तकांना शून्य, संख्याशास्त्रासाठी ओपनस्टॅक्सचं फुकट पुस्तक वापरलं आणि इंग्रजीचं वाचन ग्रंथालयातून. बसचा खर्च निधीतून. सहकारीचे तयारीचे तास मंजूर वीस, वहीत मांडलेले ६१. ते एक्केचाळीस तास कोणी देणार नाही, हे आधीच लिहून ठेवते, म्हणजे वाचणाऱ्याने त्याचं भांडण पहिल्या बैठकीत करावं, आमच्यासारखं शेवटच्या नव्हे.

पुढच्या वर्षीसाठी दोन क्रेडिट्सचा नदीवरचा प्रात्यक्षिक तास जोडून वर्ग बाराचा करायचा अर्ज दिलाय. तो मात्र नवा अभ्यासक्रम आहे, त्यामुळे समितीपुढे जाईल. अर्जात भेटीच्या तारखा लिहायच्या होत्या. तो रकाना सहकारीने भरला, मला विचारलं नाही.